कंप आढळून आला नाही

वानखेडे काकांच्या गाडीत डावीकडच्या सीटवर बसणाऱ्याला सीटबेल्टच्याही आधी एक काम मिळायचं. उजवा तळवा डॅशबोर्डवर सपाट ठेवायचा. मग काका गाडी सुरू करत, रस्त्याकडे बघतच विचारत, "हं, मॅडम. अभिप्राय द्या."

अभिप्राय म्हणजे गाडी थरथरते आहे की नाही, आणि थरथरत असेल तर किती. "ठीक आहे" असं म्हटलेलं चालत नसे. "ठीक हा शेरा झाला, अभिप्राय नव्हे," असं ते म्हणत. मी कर्वेनगरच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचे, त्यामुळे शेरा आणि अभिप्राय यांतला फरक मला कुणी शिकवावा हे झोंबायचं. पण फुकट लिफ्ट मिळत असताना भाषाशास्त्र काढू नये एवढं व्यवहारज्ञान मला होतं. मी तळवा ठेवून बसायचे आणि सिग्नलला गाडी थांबली की सांगायचे, "किंचित. कोपरापर्यंत पोचत नाही." यावर काका खूश होत.

आमच्या मैत्रबन सोसायटीत त्यांचा फ्लॅट माझ्या समोरचा. काका मूळ अमरावतीकडचे. सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले, अधीक्षक होऊन पुण्यात निवृत्त झाले आणि इथेच राहिले. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण अजून सकाळी समोरचं दार वाजलं की माझा तळवा आपोआप सपाट होतो. मला ते फार आवडायचे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण त्यांनी ते लेखी मागितलं असतं.

नोकरी सुटली तरी कचेरीची भाषा त्यांना सुटली नव्हती. भाजीत मीठ कमी पडलं तर "सदर भाजीत त्रुटी आहे" म्हणत. काकूंनी गॅस संपल्याचं सांगितलं की "कार्यवाही चालू आहे." मुलीचं लग्न "प्रलंबित" होतं. दूधवाल्याशी भांडण झालं आणि मिटलं की ते "निकाली" निघे. फक्त चिडले किंवा घाबरले की या सगळ्या कागदांखालून त्यांची वऱ्हाडी बाहेर पडायची, आणि मग आम्हाला कळायचं की आता खरं बोलणं सुरू झालं.

गाडी म्हणजे एक छोटी पांढरी गाडी. देशाचा बाजार उघडला, बँका कर्ज घ्या म्हणून आपणहून दारात यायला लागल्या, त्या दिवसांत त्यांनी ती घेतली होती. त्यांच्या घराण्यातली पहिली चारचाकी. सोसायटीतल्या आयटीवाल्या पोरांनी दरम्यान दोन-दोन गाड्या बदलल्या. त्यांच्या स्वतःच्या मुलीने, सुजाताने, हिंजवडीला नोकरी लागल्यावर मोठी करडी गाडी घेतली. काका तिच्यात एकदाच बसले. डॅशबोर्डवर हात ठेवला, कंपनीच्या फाटकापर्यंत तो उचलला नाही, आणि उतरताना म्हणाले, "हिच्यात काही कळतच नाही. अशी गाडी आतून मेली तरी माणसाला पत्ता लागायचा नाही."

दर दसऱ्याला काका-काकू या पांढऱ्या गाडीने नागपूरला जात, दीक्षाभूमीवर. छप्पन सालच्या दसऱ्याला काकांचे वडील त्यांना खांद्यावर बसवून तिथे घेऊन गेले होते. काकांना त्यातलं काही आठवत नसे. वडिलांच्या डोक्याला धरून ठेवलेले आपले हात तेवढे आठवतात, असं ते सांगत. सुजाता म्हणायची, "बाबा, नागपूरला फ्लाइट आहे हो. तासाभरात पोचाल. ती गाडी विका आता."

"विमानाची खिडकी उघडत नाही," काका म्हणत. दुसऱ्यांदा विचारलं तर चिडत. "माह्या बापानं मले खांद्यावर नेलं. मी चार चाकांवर बसून जातो, तेही तुले कमी वाटते? जोवर माह्या हातात स्टिअरिंग आहे तोवर मी ह्याच गाडीनं जाईन."

त्या वर्षी पावसाळ्यात गाडी खरंच थरथरायला लागली. माझा अभिप्राय कोपराच्या वर सरकला. क्लच सोडला की बॉनेटखाली काहीतरी धपकन आपटायचं. काकांनी धायरीहून त्यांच्या पोकळे मिस्त्रींना बोलावलं.

पोकळ्यांची तपासणी बघण्यासारखी असे. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि काकूंकडून चहाचा काठोकाठ भरलेला ग्लास मागून घेतला. तो पिण्यासाठी असावा असं काकूंना वाटलं. पोकळ्यांनी तो इंजिनावर मधोमध ठेवला. ग्लास नाचत नाचत कडेला आला आणि सगळा चहा सांडला.

"फाउंडेशन गेलं, सायेब," पोकळे म्हणाले. इंजिन ज्या रबरी टेकूंवर बसवलेलं असतं त्यांना गॅरेजात फाउंडेशन म्हणतात. मग त्यांनी काकांना ब्रेक दाबून, गियर टाकून क्लच अर्धा सोडायला सांगितला. इंजिन एका अंगाला उचललं गेलं आणि धपकन बसलं. "बघा. एका बाजूनं पार बसलंय. रबर फाटलं की दुसरं काय व्हनार? जॅक लावून वर उचलायचं आन् नवं घालायचं. अर्ध्या दिवसाचं काम हाय."

इथवर सगळं सरळ होतं. पण त्याच संध्याकाळी काकूंना जिन्यात आमचे सेक्रेटरी परचुरे भेटले.

त्या दिवसांत सोसायटीच्या शेजारी एक भलामोठा खड्डा खणला जात होता. आयटीवाल्यांसाठी तिथे उंच इमारत होणार होती. दिवसभर मशिनं धडधडत आणि आमच्या कपाटातली भांडी किणकिणत. परचुरे रोज भिंतींवरच्या भेगा पेन्सिलीने खुणा करून मापत असत. अशा माणसाला काकूंनी सहज सांगितलं, "मिस्त्री पाहून गेला जी. फाउंडेशन गेलं म्हणते. एका बाजूनं खाली बसलं. म्हणून तं सगळं थरथरते."

परचुऱ्यांनी कठडा धरला. "कुठलं फाउंडेशन?"

"आपलंच. लोकायचं कायले पाहू आपण?"

"आणि... आता उपाय?"

"आता काय, तो जॅक लावून वर उचलीन आणि नवीन टाकीन. अर्ध्या दिवसाचं काम आहे म्हणते."

काकू भाजी आणायला निघून गेल्या. मिस्त्री म्हणजे गवंडीही असतो आणि मोटारीचाही असतो, हे त्यांच्या गावी नव्हतं, आणि परचुऱ्यांच्या डोक्यात त्या घटकेला गवंडी सोडून काही नव्हतं. रात्रीच्या जेवणाआधी फलकावर सूचना लागली: "इमारतीच्या पायाबाबत तातडीची सभा. ज्यांना इमारतीत राहायचे आहे त्यांनी उपस्थित राहावे."

काकांनी ती सूचना वाचली नाही. ते फलक वाचतच नसत. आयुष्यभर इतरांना सूचना वाचायला लावल्या, आता आपण का वाचाव्यात, असं त्यांचं म्हणणं. पार्किंगमध्ये सभा आहे आणि फाउंडेशनचा विषय आहे एवढंच त्यांच्या कानावर आलं. आपली गाडी पार्किंगमध्ये दुरुस्त करण्याला लोकांची हरकत असणार, असं गृहीत धरून ते इस्त्रीचा शर्ट घालून लढायच्या तयारीने खाली आले.

परचुरे उभे राहिले. "वानखेडे, फाउंडेशन गेल्याची कल्पना आपल्याला कधीपासून होती?"

"पावसाळ्याच्या आधीपासून," काका शांतपणे म्हणाले.

पार्किंगमध्ये एकच गलका झाला. परचुऱ्यांचा आवाज चढला. "आणि आपण गप्प बसलात?"

"हा माझा खासगी विषय आहे."

"खासगी? अहो, वर आमची बायकामुलं झोपतात!"

'वर' या शब्दाने काका जरा घोटाळले, पण अधीक्षक माणूस, प्रश्न कळला नाही असं कबूल कसं करणार? "मी दुर्लक्ष केलेलं नाही," ते म्हणाले. "तात्पुरती व्यवस्था केली होती. खालून रबराचा एक तुकडा सरकवला होता."

यानंतरचा आरडाओरडा मला नीट लिहिता यायचा नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीवाल्या जोडप्याने तिथेच फोनवर भाड्याची घरं शोधायला सुरुवात केली. तळमजल्यावरच्या लिमयेआजी रडवेल्या होऊन म्हणाल्या, "वानखेडे, खरं सांगा हो. काम होईस्तोवर आम्ही घर सोडायचं का?"

काका त्यांच्याकडे वळले. "घर कशाला सोडता, आजी? तुम्ही काय माझ्या गाडीत राहता?"

मग हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. सगळ्यात शेवटी परचुऱ्यांच्या. त्यांनी माफी वगैरे मागितली नाही, तसली पद्धत आमच्याकडे नाही. ते कोरडेपणाने म्हणाले, "वानखेडे, यापुढे आपल्या गाडीला काही झालं तर ते आपल्या गाडीला झालं आहे असं सांगत चला." आणि काम स्वतःच्या जागेच्या पट्ट्यांच्या आत करावं, तेल सांडू नये, अशा अटींवर परवानगी दिली.

या प्रकाराने एक झालं. ते फाउंडेशन सगळ्या सोसायटीचं झालं. रविवारी पोकळे आले तेव्हा लिमयेआजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. परचुरे आपल्या टॉमी नावाच्या कुत्र्याला फिरवायच्या निमित्ताने तिथेच घुटमळत होते. काका हात मागे बांधून देखरेख करत होते.

पोकळ्यांनी इंजिनाखाली लाकडी फळी धरून तिच्यावर जॅक चढवला, इंजिनाचा भार उचलून घेतला, बोल्ट सोडवले आणि गाडीखाली सरकले. थोड्या वेळाने त्यांचा फक्त हात बाहेर आला. हातात तेलाने काळा झालेला, अर्धचंद्रासारखा कापलेला रबराचा तुकडा होता.

"सायेब, ह्ये काय हाय?"

"ती तात्पुरती व्यवस्था," काका म्हणाले.

पोकळ्यांनी तुकडा फडक्याने पुसला. खालून निळा रंग निघाला आणि एक गोल भोक दिसलं. "ह्यो चपलंचा अंगठ्याकडला भाग हाय, सायेब. बाईमाणसाची सपात."

काकू पुढे झाल्या. त्यांनी तो तुकडा दोन बोटांत धरला, उलटा केला, सुलटा केला. "बाप्पा! माही चप्पल होय ना ही!"

त्या चपलेचा इतिहास सगळ्या सोसायटीला पाठ होता. काकूंची नवीकोरी चप्पल दारातून गेली होती आणि ती टॉमीने नेली यावर काकू ठाम होत्या. टॉमी जिन्यात दिसला की त्या त्याला "चोट्टा कुठचा" म्हणत. परचुरे हे निमूट ऐकून घेत आले होते. आता त्यांनी टॉमीची साखळी आखडली, त्याला काकूंच्या समोर आणून बसवलं आणि म्हणाले, "बोला आता याच्याशी."

काकूंनी टॉमीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग नवऱ्याकडे वळल्या. "म्हणजे इतके दिवस गाडी माह्या चपलेवर चालून राहिली होती?"

"अंशतः," काका म्हणाले.

फाउंडेशन बसलं. पोकळ्यांनी इंजिन हळूच खाली घेतलं, ते नीट टेकल्यावर बोल्ट आवळले आणि चहाचा ग्लास मागितला. यावेळी ग्लासातल्या चहावर साधा तरंगही उठला नाही. लिमयेआजींनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसले, तळवा ठेवला. डॅशबोर्ड घरातल्या टेबलासारखा गप्प होता. "अभिप्राय?" काकांनी विचारलं. "काहीच नाही," मी म्हणाले.

"असं कसं? मला तर स्टिअरिंगमध्ये लागतंय. तुमचा हात सपाट नसेल."

तिथून दुसरं पर्व सुरू झालं. काकांनी चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. हवा तपासली. स्टिअरिंगचं कव्हर बदललं. पोकळ्यांना पुन्हा धायरीहून बोलावलं, मग पुन्हा. "प्रकरण नव्याने उद्भवलं आहे," ते सांगत. पोकळे गाडी चालवून बघायचे, गाडी लोण्यासारखी चालायची. काका बसले की थरथर पुन्हा हजर.

एकदा काका वर गेल्यावर पोकळ्यांनी मला ड्रायव्हरच्या दाराशी बोलावलं. किल्लीच्या भोकाभोवती रंगावर बारीक ओरखडे होते, सगळ्या बाजूंनी, ताजे. "किल्ली लागत न्हाई त्यास्नी पैल्या झटक्यात," ते हळूच म्हणाले. "गाडी गप हाय, मॅडम. म्या सायबाला काय सांगू?"

नंतर मी काकांच्या हातांकडे बघायला लागले आणि मग दिसतच राहिलं. वर्तमानपत्र धरलेला हात, शर्टाचं वरचं बटण, सही करताना दुसऱ्या हाताने धरलेलं मनगट. सुजाताच्या लक्षात आधीच आलं होतं. गाडी विका म्हणून ती का मागे लागली होती ते मला तेव्हा कळलं. पण "बाबा, तुमचा हात थरथरतो" हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारत नव्हतं. दसरा जवळ येत होता आणि काका नागपूरच्या रस्त्याचे टप्पे ठरवत होते. ते गाडी चालवत निघाले तर आमच्या जिवाला घोर, आणि त्यांना कुणी अडवलं तर ते मोडून पडतील ही भीती.

मधल्या काळात काकूंनी शिवणाचा क्लास लावला. रोज सकाळी त्या पिशवी घेऊन जात. काका कौतुकाने विचारत, "प्रगती काय?" आणि काकू आठवड्याला एक उशीची खोळ आणून दाखवत. काका ती उजेडात धरून शिवण तपासत आणि म्हणत, "समाधानकारक."

एके सकाळी मी कॉलेजला चालत निघाले होते. चौकात एक गाडी बंद पडली होती, डोक्यावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, मागे हॉर्नचा कल्लोळ. चालकाच्या जागी वानखेडे काकू होत्या. पिशवी मांडीवर, चेहरा घामाघूम. त्यांना मी दिसले. त्यांनी एक बोट ओठांवर ठेवलं, दुसऱ्या हाताने किल्ली फिरवली आणि गाडी आचके देत निघून गेली. मी त्या दिवशी वर्गात उगाचच हसत होते. खोळी कुठून येतात तेही उमजलं.

निघायचा दिवस उजाडला. पहाटे पार्किंगमध्ये काका पांढऱ्या शर्टात उभे. सुजाता सामान मागे ठेवत होती. तिचा चेहरा रडून झोपल्यासारखा होता. आदल्या दिवशी तिने सुट्टी टाकते, मी चालवते म्हटलं होतं आणि काकांनी "हिंजवडी बंद पडेल" म्हणून ते फेटाळलं होतं. काकू डबा धरून डाव्या दाराशी, नेहमीच्या जागी. मी निरोप द्यायला खाली गेले होते, पण खरं म्हणजे मलाही धीर धरवत नव्हता.

"निघण्यापूर्वी अंतिम तपासणी," काका म्हणाले. बॉनेट उघडलं. इंजिन सुरू होतंच. त्यांनी काकूंना थर्मासमधून चहा ओतायला लावला आणि काठोकाठ भरलेला ग्लास काकूंनीच इंजिनावर ठेवला. चहा हलला नाही.

"बघा, मॅडम. निकाली," काका म्हणाले. खुशीत त्यांनी तो ग्लास पिण्यासाठी उचलला.

ओठांपर्यंत पोचायच्या आत चहा बाहीवर सांडला. मग छातीवर. काकांनी ग्लासाकडे पाहिलं. त्यांनी तो पुन्हा इंजिनावर ठेवला, उरलेला चहा आरशासारखा स्थिर झाला. पुन्हा उचलला, पुन्हा सांडला. आम्ही तिघी तीन दिशांना बघत होतो.

"हं," काका म्हणाले. "म्हणजे कंप गाडीचा नव्हता."

शेजारचा खड्डाही त्या वेळी गप्प होता. त्यांनी ग्लास खाली ठेवला, बॉनेट लावलं, रुमालाने बाही पुसली. खूप वेळ पुसली. मला वाटलं आता ते वर निघून जाणार, आणि दसरा आणि नागपूर सगळं संपणार. ते ड्रायव्हरच्या दारापाशी गेले, दार उघडलं आणि आत न बसता तसेच ते धरून उभे राहिले.

"सुजाताची आई," ते म्हणाले, "चार्ज घ्या."

काकूंनी डबा छातीशी धरला. "मले कुठं येते?"

"पहिल्याच उशीच्या खोळीला दुकानाची चिठ्ठी तशीच होती," काका म्हणाले. "मी काढून टाकली. तुम्ही रोज सकाळी घाबरत जात होतात आणि खुशीत परत येत होतात. शिवणकामानं माणूस एवढा खूश होत नाही."

सुजाता हसता हसता रडायला लागली. काकूंनी तिच्या हातात डबा दिला, पदर खोचला आणि त्या बसल्या. काका गाडीला वळसा घालून डावीकडे गेले. त्या सीटवर मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. गुडघे कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

काकूंनी आरसा लावून घेतला, पहिला गियर टाकला आणि क्लच असा सोडला की गाडी एक उडी मारून बंद पडली. काकांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला गेलेला मला बाहेरून दिसला. त्यांनी तोंड उघडलं होतं, पण काकूच आधी बोलल्या.

"गप बसा. हात ठेवा तिथं."

काकांनी आपला थरथरता तळवा डॅशबोर्डवर सपाट ठेवला. काकूंनी गाडी पुन्हा सुरू केली आणि या खेपेला क्लच हळूहळू सोडला. गाडी फाटकाकडे सरकली. खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे मला स्पष्ट ऐकू आलं.

"मंग? अभिप्राय द्या."

काका समोर बघत होते. हात त्यांनी उचलला नाही.

"कंप आढळून आला नाही," ते म्हणाले, आणि गाडी रस्त्याला लागली.